ऐकलं तेवढंच

बदलापूर गाव,
रविवार, ५ जानेवारी २०२५

ती. कुमुदताईंस,
कुंदाचा सा. नमस्कार.

पाकिटावरचं अक्षर ओळखून तुम्ही ते न फोडताच परत पाठवणार नाही, अशा आशेवर लिहिते आहे. चौदा वर्षांत तुम्हाला एक ओळ लिहिली नाही. फोन करायचं धाडस होत नाही. पत्राचं बरं असतं, मधेच कोणी ठेवून देत नाही.

दापोलीची हवा तुम्हाला आणि भावजींना मानवली आहे असं कानावर येतं. ऐकून बरं वाटतं. इकडे सगळं ठीक. यांची पाठ अधूनमधून धरते, तरी रोज सकाळी नदीच्या पुलापर्यंत चालून येतात. शौनक पुण्याला नोकरीत रमला आहे. मी मे महिन्यात निवृत्त झाले. अंबरनाथच्या त्या कारखान्याच्या प्रयोगशाळेत तेहतीस वर्षं बाटल्यांना चिठ्ठ्या लावल्या. निरोपाला त्यांनी शाल दिली आणि घड्याळ दिलं. आता वेळ बघून करायचं काय, हे कोणी सांगितलं नाही.

म्हणून की काय, पण खरी बातमी ही की मी पुन्हा हॅम रेडिओचं स्टेशन उभं केलं आहे. लायसन्स माझं, सेट माझा, आणि अँटेना तर मी घरी बनवली. नऊ कांड्यांची, चार मीटर लांब. उल्हासनगरला ॲल्युमिनियमच्या नळ्या घ्यायला गेले तर दुकानातले सिंधी काका म्हणाले, “बहेनजी, अब तो टीव्हीला पण कोणी अँटेना लावत नाही. क्या करोगे?” म्हटलं, बात करेंगे. त्यांनी एक नळी फुकट दिली. बहुतेक दया आली असावी.

घराच्या गच्चीवरून काही साधत नाही, हे तुम्हाला ठाऊकच आहे. चहूकडे बारा मजली इमारती उठल्या आहेत. मी जागा शोधली ती बारवी धरणाच्या अलीकडे. आमच्याकडे वालाच्या शेंगा घेऊन येणाऱ्या मोतीबाई आहेत, त्यांच्या भातखाचरांच्या वर एक उघडी टेकडी आहे. पहिल्या दिवशी आम्ही काठी उभी केली तेव्हा त्या कमरेवर हात ठेवून बघत होत्या.

“बाय, या काठीनी काय व्हतं?”

“मावशी, मी इथून बोलले की पुण्याच्या डोंगरावर बसलेला माणूस ऐकतो.”

“मंग फोन कर ना त्याला.”

“फोनला कंपनी लागते, टॉवर लागतो, नंबर माहीत असावा लागतो. यात मधे कोणी नाही. आणि पलीकडे कोण भेटेल ते आधी माहीत नसतं.”

त्यांनी थोडा विचार केला. “म्हंजे डोंगरावर जाऊन हाक मारल्यासारखा.”

मग मी त्यांना स्पर्धाही समजावली. सहा तास हाका मारायच्या. जो ओ देईल त्याचं नाव, म्हणजे कॉलसाइन, नीट ऐकून वहीत लिहायचं, आपलं त्याला द्यायचं. किती जणांनी ओ दिली तो एक आकडा. नकाशावर चौकोन आखलेले असतात, त्यांतले किती वेगवेगळे चौकोन मिळाले तो दुसरा आकडा. दोघांचा गुणाकार म्हणजे गुण. “म्हंजे लांबचा मानूस जास्ती मोलाचा,” मोतीबाई म्हणाल्या. झालं! तुम्ही मला हे शिकवलंत तेव्हा मला दोन रविवार लागले होते.

स्पर्धा १९ तारखेला आहे, दुपारी एक ते सात. चौदा वर्षांनी उतरते आहे. अडचण एकच, आणि ती तुमच्याशिवाय कोणाला विचारणार? सेटमधून निघालेली ताकद अँटेनापर्यंत पोचतच नाही, जवळजवळ निम्मी उलटी येते. सगळे जोड उघडून पुन्हा डाग दिले. अँटेनाची मापं तीनदा घेतली. काही उमजत नाही.

त्या वेळच्या प्रकरणाबद्दल या पत्रात काही लिहीत नाही. फार वर्षं झाली. गैरसमज होतात, माणसं दुरावतात. जे झालं ते झालं.

जमल्यास दोन ओळी लिहा. भावजींना नमस्कार.

आपली भावजय,
कुंदा

*

बदलापूर गाव,
मंगळवार, २१ जानेवारी २०२५

ती. ताई,
सा. नमस्कार.

तुमचं कार्ड मिळालं. पोस्टकार्डं अजून विकत मिळतात हेसुद्धा मला माहीत नव्हतं. वर तारीख नाही, मायना नाही, खाली सही नाही. “केबल मधोमध कापून बघ. आतली तार हिरवी पडली असेल. दोष जोडात नाही, केबलमध्ये आहे.” तीन वाक्यं. मी ती किती वेळा वाचली ते सांगत नाही.

कापली. हिरवीगार! तेहतीस वर्षं केमिस्ट म्हणून पगार घेतला आणि तांब्याचा गंज मला दापोलीहून कोणीतरी सांगावा लागला. त्याच दिवशी उल्हासनगरहून नवी केबल आणली. उलटी येणारी ताकद जवळपास नाहीशी झाली. मीटरचा काटा जागचा हलेना तेव्हा मी टेकडीवर एकटीच टाळ्या वाजवल्या.

आता रविवारचं ऐका.

अकरालाच पोचलो. बॅटरी मोतीबाईंनी चुंबळीवर घेतली, मला हात लावू दिला नाही. माइकवर मी, आणि वही लिहायला तुमचा भाऊ. हो, गुरुदत्त! आठ दिवस मी यांना कॉलसाइनची अक्षरं शिकवत होते. आंघोळीला जाताना अल्फा, ब्राव्हो, चार्ली म्हणत जायचे. एकदा दूधवाल्याला “रॉजर” म्हणाले.

एकच्या ठोक्याला सुरुवात केली आणि, ताई, काय सांगू! पहिल्या तासात एकवीस जण. मुंबई, ठाणे, विरार, अलिबाग. अँटेना जरा फिरवली की पुणे, मग महाबळेश्वर. नाशिकचा एक गृहस्थ तर इतका मोठ्यानं आला की मोतीबाई खाचरातून विचारत्या झाल्या, कोन भांडतो म्हणून. तीन वाजेपर्यंत चाळीस पार केले होते. माझा आवाज बसायला लागला होता. मी अठ्ठावन्न वर्षांची आहे, पण रविवारी मला कोणी वय विचारलं असतं तर मी कॉलसाइन सांगितलं असतं.

चारनंतर मंदावलं. सगळे जवळचे संपले. प्रत्येक संपर्कात आपला अनुक्रमांक द्यावा लागतो, त्यामुळे कोण किती पुढे आहे ते कानावर पडतंच. पुण्याच्या गटाचा अठ्ठावन्न ऐकला तेव्हा आमचे बावन्न होते.

साडेचारच्या सुमाराला मी अँटेना पश्चिमेकडे वळवली. खरखर, खरखर, आणि त्या खरखरीत एक आवाज. समुद्रावरून येणारा आवाज कसा असतो ते तुम्हीच मला ऐकवलं होतं; पाण्यात बुडून वर येतो तसा. शेवटचं अक्षर मिळालं, किलो, म्हणजे के. आधीची नाहीत. मी पुन्हा विचारलं. पुन्हा किलो. परत विचारलं. तो बिचारा परत परत सांगत होता आणि परत परत बुडत होता. अकरा मिनिटं गेली.

हे वही घेऊन पुढे झुकले. म्हणाले, “सौराष्ट्रच असणार. कॉलसाइनच्या यादीत किलोवर संपणारी तिकडची दोनच नावं आहेत. त्यांतला एक रोज हवेवर असतो. लिहू?”

“नको.”

“अगं, नवा चौकोन आहे! आपण मागे आहोत.”

“मी ऐकलं नाही. ऐकलं तेवढंच लिहायचं.”

त्यांनी पेन खाली ठेवलं. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, “ताईनं एवढंच पाळलं असतं तर.”

ताई, मी माइकचं बटण दाबलं आणि तसंच सोडून दिलं. खाली खाचरात मोतीबाई पोपटीसाठी, मडक्यात वालाच्या शेंगा भाजायच्या म्हणून, भांबुर्डीचा पाला गोळा करत होत्या. मी त्यांच्याकडे बघत राहिले. तो आवाज गेला तो गेलाच. तो कोण होता मला कधीच कळणार नाही.

सहाला आमचे साठ संपर्क, चौकोन आठ. पुण्याचा चौसष्ट ऐकू आला, नंतर पासष्ट. यांनी गुणाकार करून वही माझ्याकडे वळवली. सूर्य गेला. गार वारा सुटला. मी अँटेना दक्षिणेला वळवली, माथेरान आणि भीमाशंकर यांच्या मधली जी फट आहे ना, बरोबर तिच्यात. तिकडे मिळण्यासारखं कोणी उरलं नव्हतं, पण संध्याकाळी कधीकधी किनाऱ्यालगत हवा अशी थराथरांनी बसते की आवाज तिच्यातून नळातून जावा तसा जातो. हेही तुमचंच. चाळीस मिनिटं मी रिकाम्या फटीला हाका मारत होते. एकदा उत्तरादाखल खालून मोतीबाईंनीच ओ दिली.

सहा वाजून एकोणपन्नास मिनिटांनी एका बाईनं माझं कॉलसाइन घेतलं.

पूर्ण घेतलं. मग स्वतःचं सांगितलं, एकेक अक्षर सावकाश, मल्याळी वळणानं. मी ते परत म्हणून दाखवलं. “रॉजर, रॉजर,” ती म्हणाली. मी तिला चौकोन विचारला. एमके सेव्हंटी-वन. ताई, कोळिकोड! नऊशे किलोमीटर! मी अनुक्रमांक दोनदा विचारला, तिनं दोनदा सांगितला, माझा तिनं परत म्हणून दाखवला. मग ती हसली. नऊशे किलोमीटरवरून हसणं ऐकू आलं. आणि गेली.

यांनी लिहिलं. घाईत गिचमिड झालं म्हणून खाली पुन्हा सुवाच्य लिहिलं. एकसष्ट संपर्क, नऊ चौकोन. पाचशे एकोणपन्नास. पुणं सहासष्टवर थांबलं, चौकोन आठ असं त्यांनीच हवेवर सांगितलं. पाचशे अठ्ठावीस. सातला मी सेट बंद केला आणि आम्ही दोघं नवरा-बायको त्या टेकडीवर लहान मुलांसारखे ओरडलो. मोतीबाई मडकं सोडून वर आल्या. त्यांना वाटलं साप निघाला.

पोपटी खाल्ली. वालाच्या शेंगा इतक्या गोड मी जन्मात खाल्ल्या नाहीत.

सकाळी इथे पत्र संपवून पाकीट चिकटवलं होतं. दिवसभर ते टेबलावर होतं. आता रात्री फोडलं.

मागच्या पत्रात मी लिहिलं, ‘जे झालं ते झालं.’ ते आपोआप झालं नव्हतं, ताई. मी केलं होतं.

तुम्हाला हे नवीन नाही. तरी मला ते एकदा माझ्या हातानं लिहू द्या. २०११ चा जानेवारी, हीच स्पर्धा. स्टेशन तुमचं, कॉलसाइन तुमचं. नेहमी तुम्ही माइकवर, मी वहीवर. पाण्याचा कॅन मी गाडीत विसरले म्हणून तुम्ही टेकडी उतरून खाली गेलात. अर्धा तास. तेवढ्यात पश्चिमेकडून आवाज आला. शेवटची दोन अक्षरं कळली. बाकीचं मी यादीतून भरलं, पोरबंदरचे एक वयस्कर गृहस्थ. त्यांचा चौकोन लिहिला, अनुक्रमांक मनानं घातला. सात वर्षं मी तुमची वही लिहिली होती. एक तरी लांबचा माणूस माझा असावा असं वाटलं. तुम्ही वर आलात तेव्हा मी म्हटलं, “ताई, पोरबंदर मिळालं!” तुम्ही कॅन खाली टाकून मला मिठी मारलीत.

आपण जिंकलो. मग स्पर्धा भरवणाऱ्या मंडळानं खात्रीसाठी त्या गृहस्थांना लिहिलं. त्यांनी कळवलं की त्या दिवशी ते मुलीच्या लग्नात अहमदाबादला होते, सेटला कुलूप होतं.

मंडळाच्या सभेत तेव्हाच्या चिटणीसांनी विचारलं, “त्या वेळी माइकवर कोण होतं?” तुम्ही काही बोलायच्या आत मी म्हणाले, “ताईच होत्या. मी फक्त सांगतील ते लिहीत होते.”

तुम्ही माझ्याकडे पाहिलंत. मग चिटणीसांकडे वळून म्हणालात, “हो. मीच होते.”

वीस-बावीस माणसांसमोर तुमचं नाव ‘खोटी नोंद’ म्हणून वाचलं गेलं. तुम्ही सेट कोणाला तरी देऊन टाकलात, आणि पुन्हा आमच्या घराची पायरी चढला नाहीत. भावाचं घर मोडू नये म्हणून तुम्ही ते स्वतःवर घेतलंत, एवढं कळायला मला रात्रसुद्धा लागली नाही. तोंड उघडायला चौदा वर्षं लागली. हे तुम्हाला फोनवर म्हणाले होते ना, “खोटं केलंस ते केलंस, वर रुसून बसतेस? मला तुझी लाज वाटते.” मी शेजारीच उभी होते, ताई. माझ्या हातात यांच्या चहाचा कप होता.

गेल्या दिवाळीत भाऊबीजेच्या सकाळी मी खोलीत गेले तर हे आरशापुढे उभे राहून स्वतःच्या कपाळाला कुंकू लावत होते. मला बघून म्हणाले, “उगीच. सवय.” त्याच आठवड्यात मी सेट विकत घेतला. निवृत्त झाले म्हणून वेळ मिळाला, हे मागच्या पत्रातलं अर्धंच खरं होतं.

२३ फेब्रुवारीला निकालाची सभा आहे. तिथे मी हे सांगणार आहे. त्याआधी यांना सांगणार आहे. तुमची परवानगी मागत नाही, कारण तुम्ही नको म्हणाल.

कुंदा

*

बदलापूर गाव,
शुक्रवार, २८ फेब्रुवारी २०२५

ती. ताई,
सा. नमस्कार.

हे पत्र तुमच्या हातात द्यायला टपालखातं नाही, तुमचा भाऊच आहे. ते समोर बसलेले असताना वाचू नका. त्यांना आधी जेवायला घाला, प्रवासात काही खात नाहीत.

थोडं त्यांनी सांगितलं असेल, तरी माझ्याकडून ऐका.

शनिवारी संध्याकाळी चहा झाल्यावर मी यांना सांगितलं. सगळं, एका दमात. यांनी मला अडवलं नाही. माझं झाल्यावर उठून बाल्कनीत गेले, तुळशीला पाणी घातलं, परत येऊन बसले, पुन्हा उठले आणि पुन्हा पाणी घातलं. मग दारात उभे राहून म्हणाले, “मी तिला फोनवर काय बोललो होतो, तुला माहीत आहे.”

“हो.”

“तू तिथेच होतीस.”

“हो.”

“माझ्या हातात कप दिलास तू. मी फोन ठेवल्यावर. साखर बरोबर आहे ना विचारलंस.”

हे मला आठवत नव्हतं. यांना आठवत होतं. सकाळी मी निघायच्या तयारीत होते तर हे इस्त्रीचा शर्ट घालून बाहेर आले. म्हणाले, “एकटी जायचं नाही.” रिक्षात दोघं दोन कडांना बसलो.

सभा उल्हासनगरला होती. आता चिटणीस अनीश म्हणून एक तिशीतला मुलगा आहे, हुशार, प्रत्येकाला मॅडम-सर म्हणतो. चाळीस-पन्नास माणसं होती. त्यांतले सात-आठ तरी तेव्हाचे, मी पाहताक्षणी ओळखले. अनीशनं निकाल वाचला. तपासणीत आमचे दोन संपर्क कापले गेले, पुण्याचा एक. तरी आम्ही पाचशे एकतीस, ते पाचशे वीस. पहिला क्रमांक! नाव पुकारल्यावर मी पुढे गेले, पण चषक हातात घेतला नाही. अनीशला म्हटलं, आधी मला दोन मिनिटं बोलू दे.

मी लिहून नेलं होतं. कागद काढला आणि चष्मा घरी राहिल्याचं लक्षात आलं. मग तसंच बोलले. कोणतं वर्ष, कोणती टेकडी, किती अक्षरं ऐकली, किती मनानं भरली. “माइकवर मी होते. कुमुदिनीताई पाणी आणायला खाली गेल्या होत्या. इथे सभेत मला विचारलं तेव्हा मी खोटं बोलले, आणि त्यांनी माझ्यासाठी खोटं बोलून स्वतःचं नाव घालवलं. त्यांनी या छंदात एकदाही न ऐकलेलं अक्षर लिहिलेलं नाही. ते मी केलं.”

मग मागून एकानं विचारलं, आणि त्यानं विचारलं ते रास्तच होतं, “मग मॅडम, यंदाच्या केरळवर आम्ही विश्वास का ठेवायचा?”

मी म्हटलं, “ठेवू नका. तपासा. आत्ता, सगळ्यांसमोर.”

मी सहाच्या सहा तासांचं रेकॉर्डिंग केलं होतं. माझा माझ्यावरच विश्वास नव्हता म्हणून केलं होतं. अनीशनं माझा फोन हॉलच्या स्पीकरला जोडला आणि वेळ बघून पुढे नेला. आधी साडेचारचं लागलं, चुकून. अकरा मिनिटांतलं थोडं, खरखर, किलो, माझं पुन्हा पुन्हा विचारणं, आणि मग आमचं दोघांचं बोलणं. “लिहू?” “नको.” आणि पुढचं वाक्य, ताई. तुमच्या भावाचं. सगळ्या सभेनं ऐकलं. मी वळून बघितलं. हे शेवटच्या रांगेत होते, दोन्ही हातांनी पुढची खुर्ची धरून.

मग अनीशला नेमकी जागा सापडली. माझी हाक, फटीतली ती शांतता, आणि त्या बाईचा आवाज. एकेक अक्षर. तिनं माझं म्हटलं, मी तिचं म्हटलं. शेवटी ती हसली, आणि ते हसू हॉलभर झालं. त्याबरोबर पुण्याच्या गटातला एक जाडजूड मनुष्य उभा राहिला आणि त्यानं टाळ्या वाजवायला सुरुवात केली. हरलेला माणूस! मग सगळे उठले. ताई, मला रडू येईल असं वाटलं होतं, पण आलं नाही. मी ताठ उभी होते. असं ताठ उभं राहून मला किती वर्षं झाली होती, ते मला तिथे कळलं.

अनीशनं तिथल्या तिथे ठराव लिहिला. २०११ च्या नोंदीपुढे आता असं आहे: ‘दोष कुंदा यांचा. कुमुदिनी यांच्याविरुद्धचा शेरा मागे घेण्यात येत आहे. मंडळ त्यांची क्षमा मागत आहे.’ आवाजी मतानं मंजूर झाला, विरोधात एकही नाही. मग त्यानं तुम्हाला फोन लावला. तुम्ही सगळं ऐकून “बरं” म्हणालात आणि ठेवलात. तो बिचारा घाबरून माझ्याकडे बघत होता. मी म्हटलं, त्यांचं ‘बरं’ म्हणजे पुष्कळ असतं.

मग मी चषक घेतला. कोणाच्या हातून घेऊ विचारलं तर हे मागून चालत पुढे आले, अनीशच्या हातातून त्यांनी तो घेतला आणि मला दिला. परतताना रिक्षात मधे बसले.

संध्याकाळी तुमचा फोन आला तेव्हा मी स्वयंपाकघरात गेले आणि दार लोटून घेतलं. चौदा वर्षांचं बोलणं तुम्हा दोघांचं होतं, त्यात माझा कान नको. तास झाला, वर वीस मिनिटं. हे बाहेर आले तेव्हा डोळे सुजले होते आणि तोंडभर हसू होतं. म्हणाले, “शनिवारी दापोलीला जातोय.” मी विचारलं, माझ्याबद्दल काही म्हणाल्या? तर म्हणाले, “तुझ्याशी बोलायला ती अजून तयार नाही. पण एक सांगितलंय. म्हणाली, रेकॉर्डिंग-बिकॉर्डिंग मला कळत नाही. केरळ खरं असेल तर संपर्काची पावती म्हणून त्या बाईनं पाठवलेलं कार्ड दाखव म्हणावं.”

मी इतकी हसले की पोळी करपली.

ताई, कार्ड आलं आहे. परवाच आलं, या पत्रासोबत आहे. बघा. पुढून बघा, मागून बघा. टपालाचा शिक्का कोळिकोडचा आहे. तारीख १९ जानेवारी. वेळ ग्रीनिचची, तेरा-एकोणीस. त्यात साडेपाच तास मिळवा, हे तुम्हाला सांगायला नको. चौकोन तपासा, अनुक्रमांक तपासा. माझ्या वहीचं त्या दिवसाचं पान फाडून सोबत दिलं आहे, दोन्ही शेजारी ठेवून ताडून बघा. कार्डाच्या कोपऱ्यात तिनं हातानं लिहिलंय की घराच्या गच्चीवरून केरळबाहेरचा हा तिचा पहिलाच संपर्क. तरीही शंका आली तर तिचा पत्ता तिथे आहे, सरळ तिलाच लिहा. मला वाईट वाटणार नाही. तुम्ही तपासावं म्हणूनच तर ते पाठवते आहे.

माफी मागत नाही. मागितली की ती देण्या-न देण्याचं ओझं पुन्हा तुमच्याच खांद्यावर. तुम्ही पुष्कळ वाहिलंत.

कार्ड खरं ठरलं तर परत पाठवू नका, तुमच्याकडे ठेवा. इथल्या भिंतीवर त्याला जागा आहे, पण त्याची खरी जागा इथे नाही.

यांच्या पाठीला गरम पाण्याची पिशवी द्या. कोकणातल्या रस्त्यांवरून जाणार आहेत आणि मला बरं आहे म्हणून सांगतील.

तुमची अपराधी, आणि यंदाची विजेती,
कुंदा